आईची खिडकी आणि गोधडीचा फोटो

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पणत्या रंगवून विकतं का? किंवा राख्या, आकाशकंदील? मग त्यांचे फोटो काढायचं काम तुमच्याच गळ्यात पडत असणार! माझ्याही पडलं होतं, आणि त्यात माझी चांगलीच फजिती झाली. तीच आज सांगतो.

माझी आई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. एकेक गोधडी म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम. २०२१ साली मी तिला म्हटलं, "मी मोबाइलवर फोटो काढतो. ओळखीच्यांना पाठवू." रात्री जेवणं झाल्यावर गोधडी पलंगावर पसरली आणि पिवळ्या दिव्याखाली पटापट फोटो काढले. लगेच मागणी आली! पार्सल गेलं... आणि आठव्या दिवशी परत आलं. सोबत चिठ्ठी : 'फोटोत विटकरी दिसली म्हणून मागवली. ही तर डाळिंबी आहे.'

जाण्यायेण्याचा खर्च आईच्या कमाईतून गेला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी तडक फोटोच्या सामानाचं दुकान गाठलं. स्टँड, पांढरी छत्री, मोठाले दिवे... किंमत ऐकून मनात हिशेब केला. आईच्या सहा गोधड्या! हात हलवत परत आलो. बघतो तर आई दोन रिळं घेऊन खिडकीशी उभी.

"काय करतेस गं?"

"दोऱ्याचा रंग जुळवतेय. दिव्याखाली रंग फसवतो रे. खिडकीशी खरा कळतो."

घ्या! मी गावभर फिरून आलो आणि उत्तर घरातच होतं.

असं का होतं, बरं का? पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, पिवळा-लाल जास्त. आपले डोळे ते सांभाळून घेतात, पण कॅमेरा पुष्कळदा चुकतो. मग डाळिंबी होते विटकरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी घरातले सगळे दिवे बंद केले. दोन तऱ्हेचे प्रकाश एकत्र आले, की वस्तूची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते. गोधडी खिडकीजवळ टेबलावर अशी ठेवली, की उजेड एका बाजूनं तिरपा पडेल. आणि काय गंमत! समोरून फ्लॅश मारला तेव्हा सपाट दिसणारा धावदोरा आता टाक्याटाक्यानं उठून दिसू लागला. प्रत्येक टाक्याला इवलीशी सावली मिळाली होती ना! दुसऱ्या बाजूला फार काळोख वाटला, म्हणून तिथं पांढरा कार्डशीट उभा केला. त्यावरून उजेड उलटून आला. ऊन थेट आत येऊ लागलं, तेव्हा खिडकीला पांढरा पंचा लावला. मोबाइलची काच पुसली, तो पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि टायमर लावला. हात हलायचा प्रश्नच नाही.

पंचा कशाला, ते स्वतःच पाहा. रात्री भिंतीसमोर लिंबू धरून त्यावर टॉर्च मारा. सावलीची कड सुरीसारखी दिसेल. आता टॉर्च आणि लिंबू यांच्यामध्ये, लिंबाच्या जवळ, बटर पेपर धरा. कड मऊ झाली ना? उजेड जितक्या मोठ्या पृष्ठावरून येतो, तितकी सावली मऊ. दुकानातली ती छत्री हेच तर करते!

रात्रीच फोटो काढायचे असतील तर दोन सारखे एलईडी दिवे घ्या. खोक्यावर ६५०० केल्व्हिन असा आकडा असेल, तर तो पांढरा उजेड. राखी, पणती अशा लहान वस्तूंसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन्ही बाजू कापून बटर पेपर चिकटवा, आत पांढरा कागद वळवून घाला आणि दिवे बाहेरून लावा. मात्र दिवे कागदाला टेकवू नका. तापणारा जुना पिवळा बल्ब तर नकोच. आणि प्लग-होल्डरचं काम मोठ्यांकडूनच करून घ्या. माझा कार्डशीट-बटर पेपरचा खर्च पन्नास रुपयांच्या आत झाला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या गोधडीच्या कोपऱ्यात एक रफू होतं. मी हळूच तो कोपरा सावलीत सरकवला. फोटो फारच झकास आला! आईनं पाहिला आणि म्हणाली, "रफू कुठं गेलं? त्याचाही काढ. उजेडात."

काढला. दोन्ही फोटो पाठवले. तीच गोधडी पंधरा दिवसांनी दुसऱ्या घरी गेली, आणि या वेळी परत आली नाही.

तेव्हा मित्रांनो, वस्तू छान दिसावी म्हणून उजेड हवाच, पण ती जशी आहे तशी दिसावी म्हणूनही हवा. आता उठा, आणि तुमच्या घरातली सगळ्यांत चांगली खिडकी कोणती, ते शोधून काढा पाहू!