हो, मीच घेतले

आमच्याकडे रात्रीची जेवणं झाली की हे आणि चिरंजीव टी.व्ही.समोर बसतात ते खुनाच्या मालिका बघायला. मी ओटा आवरून, दुधाला विरजण लावून येईपर्यंत निम्मा खून उलगडलेला असतो! मग हे मला मागची कथा थोडक्यात सांगतात आणि वर म्हणतात, "आता काय, त्याने कबूलच केलंय. संपलं." मी गप्प बसते. पण त्या 'संपलं'शी माझं एक जुनं भांडण आहे, मैत्रिणींनो. ते आज तुमच्याजवळ बोलायचं आहे.

मी गावातल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास घेणारी. गेल्या वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि मोकळ्या तासाला मला दहावीवर पाठवलं. फळ्यावर आनुवंशिकतेचा धडा अर्धा लिहिलेला. एका मुलीने उठून विचारलं, "बाई, डी.एन.ए.वरून जुने खून कसे हो शोधतात?" आता आली का पंचाईत! "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही कळलं नाही.

इंग्लंडात लेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज हे शास्त्रज्ञ काम करत होते. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी त्यांनी एक्स-रेची एक फिल्म धुऊन काढली. त्यांच्याच प्रयोगशाळेतली एक मदतनीस आणि तिचे आईवडील, अशा तिघांच्या डी.एन.ए.च्या काळ्या रेघा तिच्यावर उमटल्या होत्या, लुगड्याच्या काठावर असाव्यात तशा. तिघांच्या रेघा वेगळ्या. पण मुलीची प्रत्येक रेघ एक तर आईच्यात सापडत होती, नाही तर बापाच्यात. माणूस ओळखण्याची खूणच हाती लागली की! मग वाळलेल्या डागातूनही ती मिळते का हे बघायला या गृहस्थांनी स्वतःलाच कापून घेऊन प्रयोगशाळेत जागोजागी रक्ताचे डाग पाडले. आपण इथे डाग काढायचे कसे ते विचारत असतो, आणि हे पाडत बसलेले.

आणखी एक गंमत. परदेशातून येणाऱ्यांच्या नात्यांचे वाद यातून मिटवता येतील, हे त्याच संध्याकाळी सुचलं ते त्यांच्या पत्नीला. झालंही तसंच. १९८५ मध्ये या शोधाचा पहिला उपयोग झाला तो एका आईसाठी. घाना देशातून परतलेला मुलगा तिचा नव्हे, भाचा असेल, असं अधिकारी म्हणत होते. रेघांनी सांगितलं, मुलगा तिचाच.

आता खुनाकडे येते. लेस्टरजवळच्या नारबरो गावात नोव्हेंबर १९८३ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारलं. खुनी सापडला नाही. जुलै १९८६ मध्ये शेजारच्याच भागात पंधराच वर्षांची दुसरी मुलगी तशीच गेली. पोलिसांनी एका सतरा वर्षांच्या मुलाला धरलं. शिकण्यात मागे राहिलेलं पोर ते. तासन् तास प्रश्न विचारल्यावर दुसरा खून त्याने कबूल केला. पहिला मात्र काही केल्या करेना. पोलिसांना वाटलं, तीन वर्षांपूर्वीचा नमुना जपून ठेवलेला आहेच, जेफ्रीजसाहेबांनी तोही याच्यावर शाबीत करून दिला की काम झालं.

तपासणीत निघालं ते भलतंच. दोन्ही खून एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता! पोलिसांचा विश्वास बसेना, पण पुन्हा तपासूनही तेच. तीन महिन्यांहून जास्त काळ कोठडीत काढून नोव्हेंबर १९८६ मध्ये ते पोर घरी गेलं. खुनाच्या तपासात डी.एन.ए. पहिल्यांदा वापरलं ते असं, कबुली दिलेल्याला सोडवायला. खरा गुन्हेगार पुढे दहा महिन्यांनी सापडला.

तोही कसा ते ऐका. १९८७ मध्ये पोलिसांनी आसपासच्या तीन गावांतल्या सुमारे ५,००० पुरुषांचं रक्त तपासलं. एकाचंही जुळलं नाही. जुळणार कसं? कॉलिन पिचफोर्क नावाच्या बेकरीतल्या कामगाराने आपल्या जागी एका सोबत्याला पाठवलं होतं, स्वतःच्या पासपोर्टवर त्याचा फोटो चिकटवून. हा बायकोपोरांचा धनी, केकवर नक्षी काढण्यात हात बसलेला. पहिल्या खुनाच्या संध्याकाळी बायकोला वर्गाला सोडून आला होता आणि तान्हा मुलगा गाडीत झोपलेला होता. हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटाच आला.

त्या सोबत्याने एकदा गप्पांच्या भरात ही अदलाबदल सांगून टाकली. ऐकणाऱ्यांत एक बाई होती, बेकरीचीच एक शाखा सांभाळणारी. सहा आठवडे ती गोष्ट तिने मनात वागवली आणि शेवटी पोलिसांना जाऊन सांगितली. सप्टेंबर १९८७ मध्ये पिचफोर्क पकडला गेला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणून आपल्याला हसतात ना? तिच्या पोटात राहिलं असतं तर त्या ५,००० तपासण्या फुकट होत्या.

पुढे तर हे शास्त्र फारच लांब गेलं. १९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात डझनावर खून करणारा एक माजी पोलीस २०१८ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी पकडला गेला. त्याचा नमुना कुठल्याच नोंदीत नव्हता; दूरच्या नातेवाइकांनी हौसेने कुळ शोधायला दिलेल्या नमुन्यांवरून बार्बरा रे-व्हेंटर या निवृत्त वकील बाईंनी आणि तपास करणाऱ्यांनी वंशावळ मांडत आणली. कोण कुणाच्या मावसजावेचा पुतण्या हे आमच्या आत्याबाई बसल्या जागी सांगतात. त्यांना तिथे नोकरीच लागली असती.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलींना हे सगळं सांगितलं. खुनी कसा सापडला, हाच त्यांचा प्रश्न. पण सांगताना माझा जीव अडकला होता त्या सतरा वर्षांच्या पोरात. न केलेला खून कुणी कबूल कसा करतो, असं तुम्ही विचाराल. मी विचारू शकत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी सहावीची वर्गशिक्षिका होते. रायगडच्या सहलीचे जमलेले १,२०० रुपये पाकिटासकट नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगी होती, खेड्यावरून एस.टी.ने येणारी. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. मारलं नाही हो, ओरडलेही नाही. डोक्यावरून हात फिरवून विचारत राहिले, "खरं सांग बाळ, मी कुणाला सांगणार नाही." ती नाही म्हणायची, मी पुन्हा विचारायची. पाच वाजत आले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "हो, मीच घेतले." पैसे कुठायत म्हटलं, तर म्हणाली, "हरवले." माझं समाधान झालं. प्रेमाने विचारलं की मुलं खरं बोलतात, असं मी शिक्षकांच्या खोलीत चार जणींना ऐकवलंही. तिच्या वडिलांनी दोन हप्त्यांत पैसे भरले.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असं आपल्याकडचा कायदा १८७२ पासून सांगतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही ते कलम आहे. शिक्षकांच्या खोलीला असं कलम नसतं.

एप्रिलमध्ये निकाल तयार करताना हजेरीपटाचं फाटलेलं खाकी कव्हर काढलं, तर आत पाकीट. माझ्याच हाताने सरकवलेलं. वरची आकडेमोड माझ्याच अक्षरातली.

त्याच दुपारी एस.टी. पकडून तिच्या गावी गेले. आई शेतावर, वडील ओसरीवर बसलेले. मी पैसे पुढे ठेवले, सगळं सांगितलं. त्यांनी पैसे मोजले नाहीत. चहा ठेवायला सांगितला. चहा ती घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, मग तू हो का म्हणालीस?"

तिने आधी वडिलांकडे पाहिलं. "सव्वापाचची गाडी चुकली असती, बाई. त्याच्यानंतर गाडी नाही."

जूनमध्ये नव्या हजेरीपटावर नावं उतरवताना तिचं नाव आलं नाही. वडिलांनी तिला तालुक्याच्या शाळेत घातलं होतं.