एक 'ने', तीन अव्ययं

खालच्या कोर्टातली मराठी कागदपत्रं अपिलात उच्च न्यायालयापुढे गेली की त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब. माझं रोजचं काम तेच. कायद्याचे जड शब्द त्यात फारसे अडवत नाहीत, त्यांचे प्रतिशब्द ठरून गेलेले आहेत. अडवतात ती ऑफ, विथ, बायसारखी दोन-तीन अक्षरांची अव्ययं.

जबाबातलं अगदी साधं वाक्य घ्या : 'आरोपीने मला काठीने मारलं.' मारणारा आणि काठी, दोघांनाही आपला 'ने' चालतो. इंग्रजीत कर्मणी रचना केली की मारणाऱ्यापुढे 'बाय' आणि काठीपुढे 'विथ' लागतं. काठीपुढेही 'बाय' लिहिलं, तर काठी कुठून तरी येऊन लागली, असा अर्थ निघू शकतो. कोणी मारलं हाच जिथे वादाचा मुद्दा, तिथे ही चूक किरकोळ कशी म्हणायची? पुढे तोच 'ने' 'तापाने गेला' म्हणून येतो आणि तिथे 'डाइड'नंतर 'ऑफ' हवं असतं.

आरोपांची तर वेगळीच तऱ्हा. चोरीच्या आरोपासाठी 'अ‍ॅक्यूज्ड' लिहिलं तर पुढे 'ऑफ', 'चार्ज्ड' लिहिलं तर 'विथ'. आरोपातून सुटका झाली की 'तून'च्या ओढीने हात 'फ्रॉम'कडे जातो, पण 'अक्विटेड'ला 'ऑफ'च लागतं. याचं कारण अर्थामध्ये शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अव्यय त्या त्या शब्दाचं असतं. 'सीनियर'नंतर 'दॅन' न येता 'टू' येतं, याचं मूळ लॅटिनमध्ये दाखवता येतं. पण अशी सरळ कारणं हाताशी क्वचितच असतात.

त्यातही नाम आणि क्रियापद यांचं पटेलच असं नाही. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर पुढे 'फॉर' येतं. तोच शब्द क्रियापद झाला की 'फॉर' गळतं. 'डिमांड'चं तसंच. 'डिस्कस'पुढे तर काहीच नको. आपण मात्र 'याबद्दल चर्चा केली'तलं 'बद्दल' उचलून तिथे 'अबाउट' चिकटवतो. चांगले शिकलेले लोकही हे करतात, कारण मराठी कानाला ते अगदी बरोबर वाटतं. म्हणून जे अव्यय मराठी प्रत्ययाशी चटकन जुळतं, तेच मी आधी तपासते.

तपासायचं ते विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोशात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला नुसता अर्थ पुरत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो तेही सांगावं लागतं, हे ओळखून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. आजचा 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' त्याचाच वंशज. इंग्रजी-मराठी कोशातून प्रतिशब्द मिळेल, पण पुढचं अव्यय बहुधा मिळणार नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : अव्ययांचे तक्ते पाठ करत बसू नका. कोशात शब्द काढलात की अर्थावर थांबू नका, खालची उदाहरणवाक्यं वाचा, आणि वहीत शब्द एकटा न उतरवता त्याच्या अव्ययासकट उतरवा.