पऱ्हाटीचं डांबर, पऱ्हाटीचाच कोळसा

कापसाची वेचणी संपली की आमच्या वर्धा जिल्ह्यात शेतोशेती वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या असतात. बोंडअळी त्यांत राहते म्हणून त्या लवकर काढाव्याच लागतात. थोड्या चुलीसाठी घरी येतात, बाकीच्या बांधावर पेटतात. अम्मीची निम्मी जिंदगी त्या धुरात गेली. पातेल्याच्या बुडाला बसणारा काळा चिकट थर राखेनं घासूनही निघत नसे.

पऱ्हाटीपासून गॅस करणाऱ्यांनाही तोच थर छळतो. बंद भट्टीत हवा कमी दिली की लाकूड पुरतं जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. त्यावर इंजिन चालतं. पण सोबत डांबराची वाफ येते. ती थंड झाली की नळीत, व्हॉल्व्हवर चिकटते आणि इंजिन अडकतं. इंजिनाला एका घनमीटर गॅसमध्ये 100 मिलिग्रॅमपेक्षा कमीच डांबर सोसतं. काही भट्ट्यांच्या गॅसमध्ये ते कित्येक ग्रॅम असतं.

गॅस पाण्यानं धुता येतो. मग फिनॉल मिसळलेलं ते पाणी टाकायचं कुठे? मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या गावात, नाल्यात?

म्हणून मला कोळशाचा उपाय पटतो. तो भट्टीतच तयार होतो. 800-900 अंशांना तापलेल्या कोळशाच्या थरातून गॅस नेला की बरंचसं डांबर फुटतं आणि त्याचाही गॅस होतो. उरलेलं, गॅस थंड झाल्यावर, कोळशाच्या गाळणीत अडकतं. गाळणी भरली की तो कोळसा पुन्हा भट्टीत. (बकरी ईदला कबाब आपण लाकडावर नाही, कोळशावर भाजतो, कारण त्यातलं डांबर आधीच निघून गेलेलं असतं. हे मुलांना सांगितलं की लगेच कळतं.)

1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा इथेच, वर्ध्याच्या मगनवाडीत बघत. जमिनीतला कोळसा नि तेल म्हणजे संपणारा साठा, दरवर्षी उगवतं ते वाहतं पाणी, असा फरक ते करत. पऱ्हाटी दरवर्षी उगवते.

तरी ही भट्टी घराघरांत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत तो जीव घेतो. ती हिंगणघाटसारख्या ठिकाणी जिनिंगच्या मोकळ्या आवारात बसावी, जाणता माणूस तिथे असावा, आणि पऱ्हाटी तोडून, वाळवून आणणाऱ्या बायांना वजनावर रोख पैसे मिळावेत. आज त्या मोळ्या फुकटच वाहतात.