जरा मान हलवा, मावशी!

मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या, केसांतल्या पिना – सगळे एका डबीत काढून ठेवले. लग्नाला अडतीस वर्षे झाली. गळा असा मोकळा क्वचितच राहिला असेल. भाचा म्हणाला, “मावशी, सोन्याला चुंबक ओढत नाही, पण धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडवतो.” मग काय, मुकाट्याने डबी त्याच्या हातात दिली.

आम्ही बंगळूरला राहतो. भाचा इथल्याच एका संशोधन संस्थेत मेंदूची चित्रे घेणाऱ्या एम.आर.आय. यंत्रावर काम करतो. त्याला धडधाकट माणसे हवी होती. मी हो म्हटले, त्याला कारण आमचे हे.

ह्यांना कंपवात आहे. हातांबरोबर मानही थरथरते. मेंदूत दुसरे काही नाही ना, हे पाहायला डॉक्टरांनी एम.आर.आय. सांगितला, तर दोन्ही वेळा चित्र पुसट आले. भूल देऊन करावा, तर हृदय नाजूक. ते तसेच राहिले.

भाच्याने मला समजावले ते असे. जुन्या स्टुडिओत फोटोग्राफर “हलू नका हं” म्हणायचा, तसेच हे. फक्त इथे एकेक चित्र जमवायला काही मिनिटे लागतात, आणि प्रत्येक क्षणाच्या मोजणीत सगळ्या चित्राचा अंश असतो. म्हणून क्षणभर हलले तरी डाग एका कोपऱ्यात न राहता सगळीकडे पसरतो. डोके हलले की ते टिपून यंत्रानेच स्वतःला सावरून घ्यावे, असा यांचा प्रयत्न आहे.

“मग आजारी माणसांवरच का नाही करत?” मी विचारले.

“काकांना मी ‘आता स्थिर राहा’ म्हटले तर राहतील का? तू राहशील. आणि सांगितले की हलशीलही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तरच आमची युक्ती चालली की नाही ते कळेल. शिवाय पुसटपणा यंत्राचा की आजाराचा, हा घोळही नको.” आधी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यावर करून पाहतात म्हणे, पण गोळा श्वास घेत नाही, त्याची नाडी उडत नाही.

सही करायच्या कागदावर मात्र हात अडखळला. अनपेक्षित काही दिसले तर कळवायचे का? ही तपासणी निदानासाठी नाही, तरी कधी काही आढळते. घरात एक रुग्ण पुरे, असे मनात आले. ह्यांचे पथ्यपाणी, औषधे कोण पाहणार? बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी ‘कळवावे’ वर खूण केली.

ते यंत्र ३ टेस्लाचे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६०,००० पट! कानात बोळे घालूनही आवाज म्हणजे फरशी फोडण्याचे काम चालल्यासारखा. हातात धोक्याची घंटा म्हणून रबराचा फुगा दिला होता. तो दाबावासा वाटला, खोटे कशाला बोलू? मग पीटर मॅन्सफील्ड आठवले. भाच्याने सांगितले होते, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या या शास्त्रज्ञाने १९७८ साली, धोका असू शकेल असा इशारा मिळालेला असतानाही, नव्या यंत्रात स्वतःच शिरून आपल्या पोटाचे चित्र काढवून घेतले. २००३ साली त्यांना नोबेल मिळाले. मला तर नुसते पडून राहायचे होते.

पहिली फेरी स्थिर. दुसऱ्या फेरीत आवाज आला, “आता जरा मान हलवा, मावशी. डावीकडे... उजवीकडे... किंचित.” मी हलवू लागले, आणि जेवताना चमचा तोंडाशी नेणारे हे डोळ्यांपुढे आले. मला सांगितले की थांबता येत होते.

बाहेर आल्यावर भाच्याने पडद्यावर दोन चित्रे दाखवली. युक्ती बंद ठेवून घेतलेले, शाईवर पाणी सांडल्यासारखे. युक्ती चालू ठेवून घेतलेले बरेच स्वच्छ. कडा मात्र अजून धूसर. भाचा तेवढ्यावरही खूश नव्हता.

मेंदूत काही निघाले का, ते अजून कळवलेले नाही. घरी आल्यावर ह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे हलणारे डोके चालते? मग आमचा नंबर कधी?”

मी भाच्याला फोन लावला. म्हणाला, “काकांना सांग, अजून बऱ्याच मावश्या लागतील.”