भोंगा ज्याचा, शब्दही त्याचाच

निवडणूक आली हे बिडकीनमध्ये पूर्वी आधी कानाला कळायचं. चितेगावच्या बाजूने पैठण रोडवर धुरळा उठायचा आणि भोंगे बांधलेली उघडी जीप गावात शिरायची. पुढे माईक धरलेला गडी, मागे चार-सहा कार्यकर्ते आणि मधोमध हात जोडून उभा असलेला उमेदवार. आम्ही पोरं पत्रकांसाठी जीपमागे पळायचो. पत्रक कोणत्या पक्षाचं याच्याशी आम्हाला देणंघेणं नसायचं, पाठकोऱ्या कागदाचं मोल मोठं होतं. १९७७ साली सदऱ्याच्या एका बाजूला काँग्रेसच्या गाय-वासराचा आणि दुसऱ्या बाजूला जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्याचा बिल्ला लावून हिंडणारी पोरं गावात होती. त्यांना कुणी दटावलं नाही.

त्या वर्षी बापू काळदाते औरंगाबादचे खासदार झाले. तीन वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच जागेवरून काँग्रेसचे काझी सलीम निवडून आले. ते उर्दूतले नावाजलेले कवी होते. त्याआधी १९५७ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ इथून लोकसभेत गेले होते. एक संन्यासी, एक समाजवादी वक्ता आणि एक शायर अशा तिघांना या जिल्ह्याने दिल्लीला पाठवलं. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला. रझाकारांचे दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं १९८० मध्ये गावोगाव हयात होती, मतदान करत होती. जखमा नव्हत्या असं नाही. पण त्या उकरून मतं मागण्याची लाज वाटावी, एवढा धाक माणसांना एकमेकांचा होता.

तो धाक कुठून यायचा? उमेदवार दिसायचा, त्यातून यायचा. दिवसभर वाड्या-वस्त्या करून तो संध्याकाळी चौकसभेला यायचा तेव्हा गावातले जाणते पुढे सतरंजीवर बसलेले असायचे. सभा संपली की प्रश्न सुटायचे. जायकवाडीचं पाणी आमच्या शिवारात कधी येणार, एस.टी.च्या फेऱ्या का कमी झाल्या, कापसाला भाव काय देणार. आणि त्याच्या माणसाने दुपारी कुठे वेडंवाकडं तोंड सोडलं असेल, तर तेही तिथेच निघायचं. “साहेब, तुमच्या गाडीतून हे असं बोलायलेत. तुमच्या सांगण्यावरून बोलायलेत का?” या प्रश्नाला “मला माहीत नाही” हे उत्तर चालत नसे. गाडी तुमची, भोंगा तुमचा, मग शब्दही तुमचाच, असा सरळ हिशेब होता.

एक सभा माझ्या चांगली लक्षात आहे. मी शाळेच्या वरच्या वर्गात असेन. साहेब यायला उशीर झाला म्हणून गावातल्या एका तरुण कार्यकर्त्याच्या हाती माईक गेला. टाळ्या मिळू लागल्या तशी त्याची जीभ सैल झाली. समोरच्या उमेदवाराच्या जातीवरून सुरुवात करून तो त्यांच्या घरातल्या बायकांपर्यंत पोचला. तेवढ्यात साहेब आले होते, मागे उभे राहून ऐकत होते. ते मंचावर चढले, पोराच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, “हा आत्ता जे बोलला ते माझं बोलणं नाही. ज्यांच्याविषयी तो बोलला त्यांच्याशी माझा वाद धोरणाचा आहे. त्यांच्या घरातल्या माणसांची मी हात जोडून माफी मागतो.” सभा गप्प झाली. टाळ्या वाजवणारे खाली बघू लागले. त्यानंतर तो पोरगा प्रचारात दिसला, चिठ्ठ्या वाटताना, पण माईक त्याला मिळाला नाही. साहेब ती निवडणूक जिंकले की हरले हे आज गावात फार थोड्यांना आठवत असेल. माफी मात्र पुष्कळांना आठवते.

इलेक्शन चार दिवसाचं, गाव जल्माचं, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच हॉटेलात एकाच बाकावर चहा प्यायचे, कारण पेरणीला बैल, दवाखान्याला गाडी आणि मयतीला खांदा एकमेकांचाच लागायचा.

तरीही तो काळ निर्मळ होता असं म्हणणं खोटं ठरेल. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारून टाकलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत ज्यांनी आपल्या माणसांना आवरायला हवं होतं अशा कितीतरी पुढाऱ्यांनी मतांचा हिशेब करून तोंड बंद ठेवलं. चौकसभेत भाषा सांभाळणारी माणसं वस्ती जळताना गप्प राहिली, हे त्याच आठवणींतलं दुसरं पान आहे आणि ते फाडून टाकता येत नाही.

पण त्याच काळात शब्दांचा जाब विचारणारा एक मोठा खटलाही महाराष्ट्रात घडला. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ले विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू उभे होते, समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून कुंटे न्यायालयात गेले. धर्माच्या नावावर मतं मागितली आणि समाजात वैर वाढवलं, असा आक्षेप होता. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रभूंची निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला.

या निकालातली खरी शिकवण उमेदवाराबद्दल आहे. तो जहाल शब्द प्रभूंच्या तोंडचा नव्हता, त्यांच्या नेत्याच्या तोंडचा होता. तरी आमदारकी प्रभूंची गेली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३ मध्ये स्वतः उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी आणि त्यांच्या संमतीने बोलणारा दुसरा कुणीही या सगळ्यांचा शब्द उमेदवाराच्या खात्यावर मांडला जातो. पुढे २ जानेवारी २०१७ ला, सांताक्रूझच्या १९९० मधल्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात, सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी या कलमाचा अर्थ आणखी रुंद केला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्म-जात-भाषेच्या आधारे मत मागणंही गैरच ठरलं. विलंब मात्र फार झाला. प्रभूंचा निकाल पक्का होईपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपूनही वर्षं लोटली होती.

आता आजचं बिडकीन बघा. निवडणूक आली हे आता खिशातल्या फोनला कळतं. अमक्या दादांचे समर्थक, तमक्या भाऊंची फौज, फिक्स आमदार अशा नावांचे ग्रुप रातोरात उभे राहतात. सकाळी देवाचे फोटो येतात आणि दुपारपासून विष सुरू होतं. कुणाच्या आडनावावरून जात काढायची, कुणाला धर्मावरून देशाबाहेर घालवायचं, कुणाच्या लेकीसुनांवर बोलायचं. हे लिहिणारा पोरगा शेजारच्या गल्लीतलाच असतो. समोर आला तर काका म्हणून पाया पडेल. पण फोनवर त्याला समोरचा माणूस दिसत नाही आणि त्याच्या भाऊंनाही तो दिसत नाही, निदान भाऊ तसं म्हणतात.

शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली. आमच्या पैठणचे तेव्हाचे आमदार संदिपान भुमरे एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. फुटीची राजकीय चिकित्सा व्हायलाच हवी होती, दोन्ही बाजूंनी. पण गल्लीत उतरले ते ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे दोन शब्द, आणि त्यांना तितकीच कडवट उत्तरं. एका घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या गटात गेले आणि या शब्दांनीच एकमेकांना ओळखू लागले.

मग मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत उपोषणस्थळी लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात आमदारांची घरं जाळली गेली. मागणी करणं हा हक्क आहे, तिला विरोध करणंही हक्क आहे. पण २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत मराठा-ओबीसी ही भेग गावागावांत उमेदवारांच्या समर्थकांनी रुंद केली. अमक्याच्या दुकानात जाऊ नका, तमक्याच्या पोराला कामावर घेऊ नका, असले निरोप फिरत राहिले. ते थांबवा असं ठणकावून सांगणारा उमेदवार माझ्या ऐकण्यात आला नाही. ‘कार्यकर्त्यांच्या भावना तीव्र आहेत’ हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी होतं.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली घटना तर आणखी बोलकी आहे. २५ ऑक्टोबर २०२४ ला संगमनेर तालुक्यात धांदरफळला सुजय विखे पाटील यांची सभा होती. तिथे एका समर्थकाने मंचावरून बाळासाहेब थोरात यांच्या कन्येविषयी हीन शब्द काढले. रात्री गाड्या जाळल्या गेल्या, गुन्हे दाखल झाले. विखे पाटलांनी त्या विधानाचा निषेध केला आणि तो करणं योग्यच होतं. पण असा निषेध त्याच माईकवरून, त्याच मिनिटाला व्हावा लागतो. समोर बसलेली माणसं पाहत असतात की आपल्या पुढाऱ्याचा हात माईककडे जातो का.

हे अशक्य नाही. १० ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत मिनेसोटातल्या लेकव्हिल गावी रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या सभेत एका समर्थक बाईंनी बराक ओबामांवर आपला विश्वास नाही, ते अरब आहेत, असं म्हटलं. मॅकेन यांनी त्यांच्या हातातून माईक घेतला. ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत आणि आपले त्यांच्याशी मतभेद मूलभूत मुद्द्यांवर आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याच माणसांनी त्या सभेत त्यांची हुर्यो केली. पुढे ते निवडणूक हरले. पण त्या दिवशी आपल्या गर्दीपेक्षा ते मोठे ठरले. आमच्या चौकसभेतले साहेब आणि हे मॅकेन यांच्यात सात समुद्रांचं अंतर होतं, हाताची कृती एकच होती.

ऊसपट्ट्यातल्या कुणालाही विचारा. आपल्या रानातलं पाचट पेटवलं, वारा सुटला आणि आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उभ्या उसात गेली, तर भरपाई कोण देतो? वाऱ्याला कुणी दोष देत नाही. ज्याने काडी ओढली तो देतो, आणि आग दिसत असून विझवायला गेला नाही त्यालाही गाव माफ करत नाही. राजकारणात हाच न्याय आपण सोडून दिला आहे. ज्या समर्थकाच्या गर्दीचा, गाडीचा, घोषणेचा आणि मताचा फायदा उमेदवार घेतो, त्याच्या शिवीचं ओझं मात्र त्याचं नसतं, हे आपण मान्य केलं कसं?

कायदाही मागे पडला आहे. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ पासून उमेदवाराला त्याच्या समाजमाध्यमावरच्या खात्यांची माहिती शपथपत्रात द्यायला लावली आहे. आचारसंहितेत तर स्पष्ट लिहिलं आहे की टीका धोरणं, कार्यक्रम आणि कामगिरीपुरतीच असावी, खासगी आयुष्यावर आणि खातरजमा न केलेल्या आरोपांवर नको. पण शपथपत्रात जातं ते अधिकृत खातं, जिथे फक्त हार-तुरे आणि उद्घाटनं असतात. शिवीगाळ चालते ती समर्थकांच्या ग्रुपवर, आणि तिथे उमेदवाराची संमती न्यायालयात सिद्ध करणं कठीण. कायद्याला पुरावा लागतो. मतदाराला तेवढा लागत नाही. आपल्या नावाने चाललेली घाण महिनाभर पाहून जो गप्प बसतो, त्याची संमती आहे असं मानायचा अधिकार आपल्याला आहे.

या गोंगाटात आपण काय गमावतो तेही पाहा. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. ७,८५५ एकर जमीन, म्हणजे आमच्या बाजरी-कापसाची, मोसंबीची रानं. टोयोटा किर्लोस्कर, एथर अशा कंपन्यांची नावं आली. मग आमच्या पोरांना तिथे कायम नोकरी मिळणार की ठेकेदाराची हजेरी? जमीन दिलेल्या घरातल्या मुलींना कोणतं शिक्षण द्यायचं? जायकवाडीच्या पाण्यात शेतीचा वाटा किती राहील? बिडकीनच्या इतिहासात याहून मोठे प्रश्न आले नसतील, आणि नेमक्या याच निवडणुकांत आपण एकमेकांची आडनावं मोजत बसलो. ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं नाहीत, त्याला हा गोंगाट फार सोयीचा असतो.

ज्या पैठणच्या नाथांपुढे प्रत्येक उमेदवार प्रचाराचा नारळ फोडण्याआधी माथा टेकवतो, त्या नाथांची ओळखच शांतिब्रह्म अशी आहे. त्यांच्या दारातून निघालेल्या माणसाकडून मी फार मागत नाही. प्रचाराच्या पहिल्याच सभेत त्याने जाहीर सांगावं की माझ्या नावाने कुणी जातीवर, धर्मावर, बायकामुलांवर बोलला तर तो माझा कार्यकर्ता नाही. कुणी बोललाच, तर तिथल्या तिथे माईक हातात घ्यावा. आणि आपल्या नावाच्या ग्रुपवर स्वतः येऊन नाव घेऊन हटकावं, माणसाला बाहेर काढावं, काढलं हे सांगावं.

आणि आपण मतदारांनी सतरंजीवरची ती जुनी जागा पुन्हा घ्यावी. पुढचा उमेदवार दारात येईल तेव्हा पाणी द्या, खुर्ची द्या आणि फोन काढून त्याच्याच समर्थकाचा मेसेज त्याच्यापुढे धरा. “भाऊ, हे तुमचं बोलणं आहे का? नसेल तर आत्ता इथे, या पोरांसमोर, तसं म्हणा.” जो म्हणेल त्याला मत द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. जो म्हणणार नाही, त्याचं मात्र त्याच क्षणी ठरवून टाका.