स्वाक्षरीची रांग

रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध प्रथम १९६७ साली इंग्रजी भाषांतरात एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये आला. फेब्रुवारी १९६९ मध्ये मिशेल फूकोने पॅरिसला 'लेखक म्हणजे काय?' हे व्याख्यान दिले. त्यानंतर दीड वर्षाने, १ ते ३ ऑगस्ट १९७० ह्या तीन दिवसांत, कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरातल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात सुमारे तीनशे माणसे चित्रकथांच्या प्रेमापोटी जमली, आणि त्यांच्या दृष्टीने त्या जमण्यातले मोठे आकर्षण होते लेखक-चित्रकारांची प्रत्यक्ष भेट. ह्या घटनांमध्ये कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न निर्माण होतो. विद्यापीठीय चर्चेतून लेखक हद्दपार होत असताना विद्यापीठाबाहेरचा वाचक त्याच्यासाठी रांग का लावू लागला? 'वाचकाच्या भाबडेपणामुळे' हे उत्तर सोपे आहे. म्हणूनच ते तपासून पाहायला हवे.

सॅन दिएगोचा हा मेळा ज्यांनी उभा केला त्यांत ग्रंथकार कोणी नव्हता. शेल डॉर्फ हा डेट्रॉइटहून आलेला गृहस्थ आणि त्याच्याभोवती जमलेली, बहुतांशी शाळा-कॉलेजच्या वयाची पोरे, हे त्याचे संस्थापक. १९६९ साली ही मुले डॉर्फबरोबर जॅक कर्बी ह्या चित्रकाराच्या कॅलिफोर्नियातील घरी गेली. ज्याची चित्रे पाहत आपण वाढलो तो माणूस आहे, त्याला घर आहे आणि तो दार उघडतो, हा त्यांना लागलेला शोध म्हणजेच ह्या मेळ्याचे बीज असे म्हणता येईल. पुण्यात १८७८ साली भरली ती ग्रंथकारांची सभा होती. तिच्यात बोलावणारे ग्रंथकार होते आणि आलेलेही ग्रंथकार होते. सॅन दिएगोला वाचकांनी ग्रंथकारांना बोलावले. पहिल्याच वर्षी कर्बीबरोबर रे ब्रॅडबरी आणि ए. ई. व्हॅन व्होग्ट हे विज्ञानकथाकारही आले होते. चित्रकथा, विज्ञानकथा आणि चित्रपट ह्यांची सरमिसळ म्हणजे मागाहून झालेला बिघाड नव्हे. ती मुळातच होती.

आज हा मेळा दरवर्षी जुलैमध्ये समुद्रालगतच्या प्रशस्त अधिवेशन-भवनात भरतो. १९९१ पासून त्याचा मुक्काम तेथे आहे आणि येणाऱ्यांची संख्या एक लाख तीस हजारांच्या घरात गेली आहे. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकाला तेथे प्रथम जाणवतो तो कोलाहल. मग हळूहळू लक्षात येते की ह्या कोलाहलाला रचना आहे आणि तिचे एकक रांग हे आहे. पास घेण्याची रांग, खेळण्यांची रांग, व्याख्यानांची रांग, स्वाक्षरीची रांग. ह्यांतील सर्वांत लांब रांग 'हॉल एच' नावाच्या दालनाची असते. तेथे सुमारे साडेसहा हजार माणसे बसू शकतात. तरीही आगामी चित्रपटांची क्षणचित्रे आणि नट-नट्या पाहण्यासाठी लोक आदल्या रात्रीपासून बाहेर पथाऱ्या टाकतात. सर्वांत आखूड रांगा 'आर्टिस्ट्स ॲली'त असतात. एका अंगाला ओळीने मांडलेली साधी टेबले, टेबलामागे चित्रकार, समोर चार-सहा माणसे. ह्या दोन रांगांमधले अंतर हाच ह्या मेळ्याचा खरा आशय आहे.

तो समजण्यासाठी अमेरिकी चित्रकथेत 'लेखक' ह्या शब्दाचे काय झाले ते पाहिले पाहिजे. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांनी १९३८ साली 'सुपरमॅन'चे सर्व हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला विकले. पुढे पात्र जगभर पोहोचले, पण निर्मात्यांची नावे गळून पडली. चित्रकारांच्या मोहिमेनंतर १९७५ साली ती परत छापली जाऊ लागली आणि दोघांना निवृत्तिवेतन मिळाले. कार्ल बार्क्सची गोष्ट सिद्धान्ताच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. १९४२ पासून सुमारे दोन तपे त्याने डोनल्ड डकच्या कथा लिहिल्या आणि चित्रित केल्या. कंजूष अंकल स्क्रूजही त्याचाच. पण छापील पानावर नाव असे ते फक्त वॉल्ट डिस्नेचे. तरीही मुलांना कळत होते की काही कथांमधले बदक निराळे आहे. त्याच्या रेषेत, विनोदाच्या चालीत, चौकटींच्या लयीत कोणीतरी एकच माणूस आहे. नाव ठाऊक नसल्यामुळे वाचक त्याला 'चांगला बदक-चित्रकार' म्हणत. १९६०च्या सुमारास काही वाचकांनी पत्रव्यवहार करून त्याचे नाव शोधून काढले.

येथे बार्थचा युक्तिवाद उलटा होतो. बार्थच्या मते लेखकाचे नाव संहितेवर अर्थाची मर्यादा घालते, म्हणून वाचकाच्या जन्मासाठी त्याला मरावे लागते. बार्क्सच्या वाचकांसमोर नावाचा धाक नव्हताच. संहिता पूर्णपणे निनावी होती. त्या निनावी संहितेचे काटेकोर वाचन करता करताच त्यांना लेखक सापडला. त्यांच्यासाठी लेखक ही वाचनाच्या आधी दिलेली सत्ता नव्हती, तर ती वाचनाची निष्पत्ती होती. वाचकाच्या जन्मातून लेखकाचा जन्म झाला.

कर्बीच्या बाबतीत हा प्रश्न नावापुरता राहत नाही. १९६१ नंतरच्या काही वर्षांत 'फँटास्टिक फोर', 'हल्क', 'एक्स-मेन' अशी पात्रे त्याच्या आणि स्टॅन ली ह्यांच्या सहकार्यातून निर्माण झाली. ह्या काळातील कार्यपद्धती अशी होती की कथेची त्रोटक रूपरेषा किंवा नुसते बोलणे झाले की चित्रकाराने संपूर्ण कथा पानापानांत मांडायची आणि संवाद त्यानंतर भरले जायचे. पेन्सिलीचे रेखाटन एकाचे, त्यावर शाई चढवणारा दुसरा, अक्षरे लिहिणारा तिसरा, रंग भरणारा चौथा. मग लेखक कोण? ह्या प्रश्नावर ली आणि कर्बी ह्यांचे मतैक्य अखेरपर्यंत झाले नाही. पण कायद्याने उत्तर आधीच देऊन ठेवले होते. काम मोबदल्यासाठी केले असेल तर लेखक म्हणजे कंपनी. लेखकाचे हे असणे म्हणजे केवळ एक कार्य आहे, हे फूकोचे प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की ते कार्य येथे भाषेने नव्हे, तर करारपत्राने पार पाडले होते.

१९८० नंतरच्या दशकात मार्व्हल कंपनीने चित्रकारांना त्यांची मूळ पाने परत करायला सुरुवात केली. इतर चित्रकारांना एका पानाच्या कागदावर सही करावी लागली. कर्बीसमोर चार पानांचा करारनामा ठेवला गेला आणि त्याने काढलेल्या हजारो पानांपैकी अवघी ८८ पाने देऊ करण्यात आली. ह्या अन्यायाची जाहीर चर्चा विद्यापीठांत किंवा साहित्यसंस्थांत झाली नाही. ती चित्रकथांच्या मेळ्यांतील व्यासपीठांवर आणि वाचकांच्या नियतकालिकांत झाली. सहकारी लेखक-चित्रकारांनी सह्यांची पत्रके काढली. १९८७ साली सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. कर्बी १९९४ मध्ये वारला. त्याच्या वारसांनी लढवलेला हक्काचा दावा न्यायालयांत फेटाळला जात गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालय त्याचा विचार करण्याच्या तोंडावर, आपसांत मिटला. त्यानंतर त्याचे नाव निर्माता म्हणून नियमाने छापले जाऊ लागले. ही कबुली मिळाली तेव्हा त्याच्या मृत्यूला वीस वर्षे होऊन गेली होती.

'आर्टिस्ट्स ॲली'तली आखूड रांग ह्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. पन्नाशीचा एक वाचक प्लॅस्टिकच्या पाकिटातून जुना अंक जपून बाहेर काढतो आणि टेबलावर ठेवतो. चित्रकार अंकाकडे पाहतो, एखादे पान उलटतो, ते पान कोणत्या घाईत काढले होते ते सांगतो. मग विचारतो, 'नाव घालू का?' हा प्रश्न साधा दिसतो, पण रांगेची विभागणी त्याने होते. स्वाक्षरीवर वाचकाचे नाव पडले की अंकाची बाजारातली किंमत सामान्यतः उतरते. म्हणून व्यापारी म्हणतो, नको, नुसती सही पुरे. वाचक म्हणतो, घाला, आणि नावाची अक्षरे एकेक करून सांगतो.

व्यापाऱ्याच्या हातातला अंक पुढे कोठे जातो हेही पाहण्यासारखे आहे. साक्षीदारासमोर झालेली स्वाक्षरी प्रमाणित होते, अंकाच्या अवस्थेला दहापैकी गुण दिले जातात आणि तो कठीण पारदर्शक पेटीत कायमचा बंद केला जातो. ती पेटी फोडल्याशिवाय त्याचे पान उलटता येत नाही. लेखकाची सही मिळाली, पण संहिता वाचनापलीकडे गेली. लेखकाच्या पुनरुज्जीवनाचा उत्सव करणाऱ्यांनी ही पेटी नजरेआड करता कामा नये. बाजाराला लेखक नको असतो असे नाही. त्याला तो खुणेच्या रूपात हवा असतो, माणसाच्या रूपात नव्हे. खुद्द 'कॉमिक-कॉन' हे नावही अखेर मालमत्ता ठरले. दुसऱ्या एका शहराच्या मेळ्याविरुद्ध सॅन दिएगोच्या संस्थेने लावलेल्या दाव्यात २०१७ साली ज्यूरीने हे बोधचिन्ह वैध मानले. लेखकांच्या हक्कांसाठी जेथे आवाज उठला, तेथील संस्थेलाही स्वामित्वाचीच भाषा बोलावी लागली.

ह्या गर्दीत वेशभूषा करून वावरणारे शेकडो लोक असतात. मराठीत 'पात्र' ह्या शब्दात भांडे आणि भूमिका हे दोन्ही अर्थ आहेत. ह्या लोकांना पाहताना त्या श्लेषाची आठवण होते. त्यांचे सोंग बहुरूप्याच्या सोंगाहून वेगळे आहे. बहुरूपी पाहणाऱ्यासाठी सोंग घेतो. ही माणसे वाचलेल्याला देह देतात. झग्याची घडी कोठे पडते, चिलखताचा सांधा कोठे येतो, हे ठरवण्यासाठी चौकटीमागून चौकट न्याहाळावी लागते. सुईदोऱ्याने केलेले हे वाचन टीकाकाराच्या वाचनाहून कमी बारकाईचे नसते. मात्र पात्राचा वेश करणारा कोणी पात्राच्या निर्मात्याचा वेश करीत नाही. पात्र जितके मोठे होते तितका त्याचा कर्ता अदृश्य होतो, ही चित्रकथेची जुनी शोकांतिका ह्या निरागस आनंदातही चालूच राहते.

'हॉल एच'मध्ये तर ती भव्य होते. १९७६ साली 'स्टार वॉर्स' प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी त्याची माहिती ह्याच मेळ्यात काही चित्रांच्या आणि पारदर्शिकांच्या साह्याने देण्यात आली होती. २००४ पासून वापरात आलेल्या ह्या दालनात आज जी पात्रे झळकतात, त्यांतील कित्येकांची पहिली रेषा कर्बीसारख्यांनी घरातल्या टेबलाशी बसून ओढलेली आहे. टाळ्या मात्र नटाला मिळतात. २०२३ च्या जुलैमध्ये एक अनपेक्षित प्रयोग घडला. पटकथालेखक मे महिन्यापासून संपावर होते; मेळ्याच्या आठवडाभर आधी नटांनीही संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत मोबदल्याबरोबरच यंत्रबुद्धीच्या वापरावरील बंधनाचाही समावेश होता. मोठ्या चित्रसंस्थांचे कार्यक्रम रद्द झाले, तारे आले नाहीत. मेळा मात्र भरला आणि गर्दीनेच भरला. लेखकाने लेखणी खाली ठेवली की संहिता आपोआप निर्माण होत नाही, हे साहित्यसिद्धान्ताला न सुचलेले प्रमेय त्या वर्षी मोकळ्या व्यासपीठाने मांडले.

हा प्रश्न परका नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून 'वेताळ' मराठीत वाचलेल्या पिढीला वेताळाची गुहा आठवते. ती रेखाटणाऱ्या साय बॅरीचे नाव क्वचितच आठवते. 'अमर चित्र कथा' म्हटले की अनंत पै ह्यांचे नाव येते आणि ते यथार्थ आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरलेल्या भारतातल्या पहिल्या कॉमिक कॉनने त्यांना जीवनगौरव दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच ते निवर्तले. पण एका संपूर्ण पिढीच्या मनातला कृष्ण ज्यांच्या हातून उतरला ते राम वाईरकर, किंवा त्याच मालिकेत चित्रे काढून पुढे हिंदीतल्या 'नागराज'ला आरंभीचे रूप देणारे प्रताप मुळीक, ह्यांच्यावर मराठी समीक्षेने किती पाने खर्च केली? कृष्ण कसा दिसतो ह्याविषयीची सामूहिक कल्पना घडवणारी रेषा हा वाङ्मयीन संस्कृतीच्या अभ्यासाचा विषय नसेल, तर मग तो विषय कोणता?

लेखकाच्या मृत्यूची घोषणा ज्यांच्याविषयी झाली त्यांची नावे मुखपृष्ठांवर छापलेली होती, ग्रंथालयांच्या सूचींत नोंदलेली होती. ज्याला नाव आहे त्याने नावापासून मुक्ती मागणे हा एक सिद्धान्त असू शकतो. ज्याचे नाव छापलेच गेले नाही त्याच्यासाठी तोच सिद्धान्त करारातील आणखी एक कलम ठरतो. ह्याचा अर्थ बार्थ चुकला असा नाही. एका पानावर चौघांचे हात असतात हे चित्रकथेइतके स्पष्ट दुसरे कोणते माध्यम दाखवते? परंतु कर्तृत्व विभागलेले आहे म्हणून ते कोणाचेच नाही, हा निष्कर्ष कंपनीचा आहे, समीक्षेचा नव्हे. समीक्षेचे काम त्या चार हातांना वेगवेगळे ओळखण्याचे आहे. जे काम बार्क्सच्या अनाम वाचकांनी कोणत्याही परिभाषेविना, केवळ रेषेकडे नीट पाहून केले, ते परिभाषा जाणणाऱ्यांना अवघड वाटू नये.