लक्षण आणि कारण

एखादे कार्यालय कसे चालते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या आवारात ताडपत्रीखाली काय झाकून ठेवले आहे ते आधी पाहावे, असे तीन दशकांच्या सेवेनंतर माझे मत झाले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरील आमच्या एका उपकार्यालयात अशा ताडपत्रीखाली एक ए.टी.व्ही. उभी होती. रुंद, कमी हवेचे चार टायर आणि मोटरसायकलसारखे हँडल असलेले हे वाहन वाळूत सहसा रुतत नाही. पक्का रस्ता जिथे संपतो तिथून मच्छीमारांच्या वस्तीपर्यंत सुमारे चार किलोमीटर निव्वळ वाळू आहे. वादळाची सूचना पोहोचवावी, आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणावे, यासाठी ते घेतले होते.

एके दिवशी ते सुरू होईना. नवी बॅटरी बसवली, तरी बटण दाबल्यावर आवाजसुद्धा नाही. शहरातील कारागिराने स्टार्टर मोटर जळाल्याचे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज दिला. दुरुस्ती परवडत नाही, म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव माझ्याकडे आला. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ नुसार वस्तू निरुपयोगी ठरवताना त्याची कारणे नोंदवावी लागतात. नस्तीत कारण नोंदवलेले होते : 'इंजिन सुरू होत नाही.' मी सही केली.

पाच महिन्यांनी तपासणीसाठी तेथे गेलो, तेव्हा लिलाव व्हायचा होता. माझ्या जीपचे चालक जुने, अबोल गृहस्थ. त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली आणि विचारले, "एकदा बघू का?" मी होकार दिला. "आज्ञा," ते म्हणाले. ओडिशात वरिष्ठांना 'हो' म्हणण्याची ती रीत आहे.

त्यांनी पाना हाती घेतलाच नाही. प्रथम किल्ली आणि हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे लाल बटण पाहिले; ते योग्य स्थितीत होते. मग जीपच्या बॅटरीला तारा जोडल्या. दिवे लख्ख लागले, म्हणजे वीज पोहोचत होती. स्टार्टर मात्र गप्पच. त्यांनी मीटरकडे बोट दाखवले : न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. कोणीतरी वाहन मागे घेत शेडमध्ये लावले होते आणि गिअर रिव्हर्समध्येच राहिला होता. अशा वाहनाचा स्टार्टर गिअर न्यूट्रलमध्ये असेल किंवा ब्रेक दाबलेला असेल तरच फिरतो. वाहन अचानक उसळू नये म्हणून केलेली ती सोय. ब्रेक दाबल्याची खबर देणारा दांड्याखालचा लहानसा स्विच खाऱ्या हवेने आणि वाळूने अडकून बसला होता. त्यामुळे दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या.

आम्ही दोघांनी वाहन पुढे-मागे हलवले, तसा गिअर सुटला. हिरवा दिवा लागला आणि जळालेली म्हणून नोंदलेली स्टार्टर मोटर फिरू लागली! तरीही इंजिन पेटेना. इतके महिने साठून राहिलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत होता. टाकी आणि कार्बुरेटर रिकामे केले, स्पार्क प्लग घासला, दोन लिटर ताजे पेट्रोल ओतले. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. मग त्यांनी तो स्विचही साफ केला. दीड तास लागला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यांचा क्रम विशेष वाटला. ज्या तपासणीला काहीच खर्च नाही ती आधी, खर्चाची सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक तपासणीने एक शक्यता कायमची बाद. आम्ही नेमके उलट केले होते. बॅटरी विकत घेऊन तपासणीला आरंभ केला आणि लक्षणालाच कारण म्हणून नोंदवले. 'सुरू होत नाही' हे लक्षण होते. का होत नाही, हा प्रश्न नस्तीत कुठेच नव्हता, आणि माझ्या सहीने तो विचारण्याची गरजही संपवली होती.

त्याच गाडीवरून मी वस्तीत गेलो. तेथे समजले की, मधल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खाटेवरून ही वाळू पार करून नेले होते. ती वाचली, मूल गेले. वाहन चालू असते तर मूल वाचले असते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण खाट उचलणाऱ्यांपैकी एकाने गाडीकडे पाहत विचारले, "ही दुरुस्त कधी झाली?" 'आज सकाळी' असे उत्तर देताना मला त्याच्या डोळ्यांकडे पाहता आले नाही.

निर्लेखनाचा आदेश मी रद्द केला. त्यानंतर असा कोणताही प्रस्ताव आला की मी समासात दोनच प्रश्न लिहितो : हे लक्षण आहे की कारण? आणि वस्तू स्वतः कोणी पाहिली? पुष्कळ नस्त्या या प्रश्नांसह परत जातात. त्यांतल्या काही पुन्हा येतच नाहीत, कारण दरम्यान वस्तू चालू झालेली असते.